सहा पिस्टन, एकवीस मोदक

चतुर्थीला चार महिने असताना आमच्या शेजारचे बाबल मिस्त्री मोदकाची उकड मागायला आले. दुपारची वेळ होती. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी दाराआड उभी.

"उकड व्हयी गो बाय. मोदकाची. वाटीभर," असं म्हणून त्यांनी पडवीत एक रिकामा डबा ठेवला.

मी मान हलवली. दाराआडून मान हलवलेली दिसत नाही, हे मला नंतर सुचलं. ते बराच वेळ उभे राहिले, मग निघून गेले.

लग्न होऊन तेव्हा मला सहा महिने झाले होते. मिस्त्रींबद्दल एवढंच ठाऊक होतं की ते एकटे राहतात आणि रस्त्याकडेच्या मांगराच्या छपराखाली ट्रक दुरुस्त करतात. मी विचार केला, म्हाताऱ्या माणसाला मोदक खावेसे वाटत असतील, आणि मोदक मागायची लाज वाटून उकड मागितली असेल. लाज मला चांगली कळते. मी नारळ फोडला, गूळ किसला आणि सासूबाई यायच्या आत मोदक करून डबा कुंपणावर ठेवला. मोजून एकवीस. मोदक म्हटल्यावर दुसरा आकडा हाताला येतच नाही.

थोड्या वेळाने पलीकडून आवाज आला, "पिस्टन सहा आसत गो. एकवीस कित्याक?"

मला काही कळेना.

"आणि सारण इंजिनाक चलना नाय."

तेवढ्यात सासूबाई आल्या. सगळं ऐकून कपाळाला हात लावून म्हणाल्या, "ट्रकाक नैवेद्य? तेच्या डोक्यात ऑइल गेलासा."

गावात बहुतेकांचं तेच मत होतं, पण मिस्त्रींपुढे मत बोलायची सोय नव्हती. "माप सांग, मत नको," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बांगडेवाली म्हणाली, बांगडे ताजे आहेत, तर हे विचारणार, "कधी धरल्यानी? माप सांग." न्हावी म्हणाला, उकाडा फार झाला, तर "किती? माप सांग." न्हाव्याकडे उकाड्याचं माप कुठलं? तो गप्प बसून दाढी करायचा.

मांगराच्या दारात एक बाकडं होतं. त्यावर ते सहा पिस्टन उन्हाला मांडून ठेवत. पिस्टन म्हणजे जर्मनचा तांब्या उपडा घालावा तसा दिसतो. एकेक उचलून चमच्याच्या दांड्याने वाजवायचे, कान लावायचे, आणि त्याला सांगायचे, "तू बरो आसस." दुसऱ्याला, "तुझा काय ता मागसून बघूया." संध्याकाळ झाली की सहाही जणांवर स्वतःचा पंचा घालायचे आणि स्वतः उघडे बसायचे.

ते पिस्टन ज्या ट्रकाचे, तो ट्रक आमचे हे चालवत. चालवत म्हणजे, इंजिन बंद पडेपर्यंत चालवत होते. आंब्याच्या पेट्या आंबोली घाटातून बेळगावला न्यायच्या. इंजिन खोलल्यावर नवे पिस्टन बेळगावहून आणले, ते निघाले दुसऱ्याच जातीचे, डोक्याला जरा उंच. तेव्हा गोव्याची सरहद्द बंद होती, नाहीतर तिकडून आणले असते असं हे म्हणायचे. बदलून आणायला महिना गेला असता आणि आंबा तर पेट्यांत भरायला आला होता. मालकाने सांगून टाकलं, हंगाम सुटला तर मी ट्रक विकणार.

ट्रक गेला तर घरी बसून काय करणार? यांच्या चुलतभावाचं मुंबईहून पत्र आलं होतं, गिरणीत जागा आहे म्हणून. हे मला म्हणाले, "ट्रक सुरू झालो नाय तर शेवटच्या बोटीन मी जातलंय." पावसाआधी वेंगुर्ल्याहून बोटी बंद होत. मग चार महिने जाणंही नाही, येणंही नाही. मी "बरा" म्हटलं.

त्यानंतर मी विहिरीवर जाता येता कुंपणाशी थांबायला लागले. उघडं इंजिन तिथून दिसायचं. एकदा मिस्त्री मान वर न करता म्हणाले, "नुसतो बघून ट्रक दुरुस्त होणा नाय गो." मी कळशी तशीच रिकामी घेऊन घरी पळाले. त्याच दिवशी दुपारी ते उकड मागायला आले होते.

मोदकांचा घोळ झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी नुसती उकड नेऊन दिली. सासूबाईंनीच पाठवलं, "दी बापडे, तेचा खूळ तरी जाव दी." मिस्त्रींनी मला बाकड्याच्या टोकाशी उभं केलं आणि समजावून सांगितलं. पिस्टन वर येतो तेव्हा वरून झडपा खाली येतात. पिस्टन उंच म्हणून झडप त्याच्या टाळक्यावर आपटणार. तेव्हा त्याच्या टाळक्यात झडपेपुरती खाच तासायची. कमी तासली तर दोन्ही फुटणार. जास्त तासली तर इंजिन सकाळी सुरूच होणार नाही. मला यातलं एवढंच समजलं की पिस्टन दुरुस्त करायचे म्हणजे आधी बिघडवायचे.

आणि उकड? ती पिस्टनच्या टाळक्यावर थापायची, वरचं झाकण बसवून आवळायचं, इंजिन हाताने फिरवायचं आणि पुन्हा खोलायचं. झडपेने उकड दाबून जेवढी ठेवली असेल, तेवढी मधली जागा.

पहिल्यांदा खोललं तर उकड फाटून झडपेला चिकटलेली. मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले. मी काय करावं? उकड फाटलेली मला बघवत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "काकानू, तेलाचो हात लावा."

आमच्या गावात परक्या माणसाशी बोललेलं ते माझं पहिलं वाक्य. मिस्त्रींनी खोबरेल आणलं, झडपेला लावलं, आणि उकड अख्खी सुटून आली. त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली.

"सांग."

"काय सांगू?"

"माप."

मी अंगठा फिरवला. मोदकाची पारी पातळ किती, जाड किती हे अंगठ्याला न बघता कळतं. म्हटलं, "पातळ आसा. वाफेत फुटात."

"मगे अजून तासूक व्हया," म्हणून ते कानस घेऊन बसले. रोज मी उकड न्यायची, ते खोलायचे, मी अंगठा फिरवायची, ते तासायचे. सासूबाई विचारायच्या, "आज देव जेवलो?" मला हसू यायचं आणि रडूही यायचं, कारण बोटीचा दिवस जवळ येत होता आणि हे पेटी काढून तिचं कुलूप तेल घालून बघत होते.

शेवटच्या आठवड्यात सगळे सहा एकदम बसवून बघायचे ठरले. मालक आला होता, हेही होते. मी पदर ओढून खाली मान घालून उभी. पाच उकडी जमल्या. सहावी हातात घेतली आणि एका कडेला अंगठा थांबला.

"सांग," मिस्त्री म्हणाले.

पातळ म्हटलं तर पुन्हा सगळं खोलणार, दिवस जाणार, बोट सुटायची वेळ येणार आणि हे जाणार. ठीक म्हटलं तर ट्रक उद्याच घाटात, आणि ट्रकात हेच. मी यांच्याकडे बघितलं. हे मालकाकडे बघत होते.

"हयसर पातळ आसा," मी म्हटलं. "पाचांची पारी मोदकाची. ह्येची कड पापडाची."

मालक हसला. "मिस्त्री, बायलमाणसाच्या अंगठ्यार इंजिन बांधतलास?"

"तिना माप सांगल्यान," मिस्त्री म्हणाले. "तुमी मत सांगतास." आणि पाना उचलला.

सहावा पिस्टन पुन्हा बाहेर आला. दोन दिवस ते त्याची एकच कड घासत होते, पंच्यात मांडीवर घेऊन, तान्ह्या मुलाला घ्यावं तसा. तिसऱ्या दिवशी ट्रक सुरू झाला. मांगरभर काळा धूर, सासूबाई खोकत होत्या, हे गाडीत बसून हसत होते. मिस्त्री मात्र विहिरीवर हात धुत होते. सुरू झालेलं इंजिन बघायला ते कधीच थांबत नसत. त्यांचा मुलगा बोटीने मुंबईला गेला होता. पहिली दोन वर्षं त्याची पत्रं आली, असं सासूबाई सांगत.

शेवटची बोट गेली. हे गेले नाहीत. यांची पेटी मी माळ्यावर टाकली.

पुढे बरीच वर्षं मिस्त्रींनी अधूनमधून माझ्याकडून उकड नेली. मी जायची, अंगठा फिरवायची, माप सांगायची, मग घटकाभर बाकड्याच्या टोकाशी बसायची. बोलणं फारसं व्हायचं नाही. आम्हा दोघांनाही ते जमत नसे.

ते गेल्यावर त्यांच्या हत्यारांची पेटी आमच्याकडे आली. मुलाला पत्र घातलं होतं, उत्तर आलं नाही. पेटीच्या तळाशी मऊ तारेचं एक भेंडोळं होतं, आणि कागदाच्या पुडीत तशाच तारेचे सहा चपटे तुकडे.

मी यांना विचारलं, "ह्या काय?"

"शिसा. पिस्टनाचा माप घेवक. उकडीपेक्षा बरा कळता." मग म्हणाले, "म्हाताऱ्याकडे ह्या होता तर तुझी उकड कित्याक मागल्यान?"

मी सहाही तुकड्यांवर अंगठा फिरवला. पाच सारखे होते. सहाव्याची एक कड पापडासारखी पातळ.

कड ओळखीची होती, घासायच्या आधीची. म्हणजे मी सांगायच्या आधीच त्यांना ठाऊक होतं. मग मला का विचारलं? मालकासमोर माझ्या अंगठ्याची बाजू का घेतली? कुंपणाशी रिकामी कळशी घेऊन उभी असलेली मी त्यांना तेव्हा कशी दिसली असेन, ते आठवायचा प्रयत्न केला. पुडी बांधून होती तिथे ठेवली.

त्या चतुर्थीला मी उकडीचे सहा गोळे बाजूला काढून ठेवले, सारणाशिवाय. सासूबाईंनी विचारलं, "ह्ये कोणाक गो?"

मी काही सांगितलं नाही. माझ्याकडे मत होतं, माप नव्हतं.