सतरा दिवसांचा खुलासा

अपिलाची मुदत संपून सतरा दिवस झाले, तेव्हा कुठे हेमकांत पाटील कोरीटहून नंदुरबारला वकीलबाईंकडे आला. खालच्या कोर्टाने निकाल दिला होता की चुलतभाऊ मगनच्या शेतातून हेमकांतच्या शेतात जायला मुळी रस्ताच नाही. आत पपई तोडणीला आली होती आणि ट्रॅक्टरला दुसरी वाट नव्हती. माल झाडावरच सडणार होता.

रोहिणी वकीलबाईंनी निकाल दोनदा वाचला. "फेरविचार मागायचा तर निकालात ढळढळीत चूक लागते, ती यात दिसत नाही. राहिलं अपील. ते तीस दिवसांत करायचं होतं. कुठे होतात तुम्ही?"

"लगनमा व्हतू, ताई."

"कोणाच्या?"

"मगनभाऊनी आंडेर, चारुलता. तिनं लगन व्हतं."

बाईंनी चष्मा काढला. "ज्या मगनवर दावा लावलात, त्याच्याच मुलीच्या लग्नात?"

"कोर्ट कोर्टना जागावर, ताई. तिना काका मीच शे ना!"

"अहो, पण ते तीस दिवस तरी होते ना हातात?"

"त्या तीस दिवसमा सोयरीक जमाडी," हेमकांत गंभीरपणे म्हणाला.

कायद्याला काका कळत नाही. उशीर माफ व्हायचा तर एकेका दिवसाचा खुलासा शपथेवर द्यावा लागतो. बाईंनी कागद पुढे ओढला आणि हेमकांत बोटं मोजू लागला. पाच दिवस पत्रिका वाटल्या, शहाद्यापर्यंत. दोन दिवस आचारी शोधला, कारण पहिल्याची वरणासोबतची बट्टी कच्ची राहते अशी मगनच्या बायकोची, कमलबाईची, तक्रार होती. मग किराणा, मांडव, हळद, लग्न. चार दिवस भांडी परत केली. सतरावा दिवस मात्र झोपेत गेला आणि तोही त्याने प्रामाणिकपणे लिहायला लावला.

"याला साक्षीदार कोण?"

"मगनभाऊच. दुसरं कोणले म्हाईत?"

बाईंनी पाणी मागवलं.

जिल्हा न्यायालयात तारीख लागली. दोघे भाऊ एकाच मोटरसायकलवर आले, कारण मगनची गाडी गॅरेजला होती. मगनच्या वकिलांनी उभं राहून ठणकावून सांगितलं, "साहेब, उशिराला काहीही सबळ कारण नाही. अर्जदार निव्वळ आळशी माणूस आहे."

मागच्या बाकावरून मगन ताडकन उठला. "आळशी? खोटं शे हाई, साहेब!"

वकिलांनी त्याचा सदरा ओढला, पण एकदा उठलेला पाटील सहसा बसत नाही. न्यायाधीश म्हणाले, "बोलू द्या त्यांना."

"साहेब, सतरा दिवस हाऊ मन्हा घर राबना. हाऊ नही ऱ्हाता, ते मन्ही पोरनं लगन व्हतं नही." मगनने हेमकांतकडे बोट दाखवलं. "मांडवले आंबाना फांद्या बी याना वावरमाईनच आणात. ट्रॉली भरीसन."

"ट्रॉली?" न्यायाधीशांनी मान वर केली. "त्यांच्या शेतातून?"

"हां साहेब. ट्रॅक्टर मीच चालाडं."

"कोणत्या रस्त्याने?"

मगनच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. मगनने एकदा भावाकडे पाहिलं आणि खाली मान घालून म्हणाला, "त्याच रस्तावरतीन, साहेब."

लेखनिकाने ते टिपून घेतलं. उशीर माफ झाला, अपील दाखल झालं आणि निकाल लागेपर्यंत रस्ता अडवू नये असा हुकूमही झाला. हेमकांतची पपई वाचली. पण भावाचं उतरलेलं तोंड बघून त्याला आनंद करावासा वाटेना. त्याला वाईट वाटत होतं, अगदी मनापासून.

दोघे त्याच मोटरसायकलवर कोरीटला निघाले. अर्ध्या वाटेत हेमकांतने गाडी हळू केली.

"भाऊ, खालना कोर्टमा ते तू शपथ लिसन सांगं, रस्ता नही शे म्हनीन."

"सांगं."

"मंग आज खरं कसं काय बोलना?"

मागे बसलेला मगन चिडूनच म्हणाला, "येडा शे का तू? ते जमीननं व्हतं. पोरना लगनना बारामा माणूस खोटं बोलस का?"