गोठ्यातला निळा कोट

"खुंटीवरचा माझा निळा कोट कुठं गेला?"

गुनव्होरबाईंनी गोठ्याच्या दारातूनच विचारलं आणि आत झाडलोट करणाऱ्या सुनेच्या हातातला खराटा जागीच थांबला.

"आई, तो... चर्चच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात दिला," लिनेया म्हणाली. "आज एवढं गाव येणार, पेपरवाली येणार. केवढा वास मारत होता! जमिनीवर ठेवला तर आपला आपण उभा राहायचा तो."

"वास? अगं, माझ्या सासूचा कोट तो. तिच्यामागं मी घातला. दोघींचा जन्म मुरलाय त्यात. पाण्याचा थेंब लागू दिला नाही कधी."

"तेच म्हणतेय मी."

बाईंचा मुलगा होकान तिथंच होता. दुधाच्या धंद्यात वाकबगार माणूस, पण आई आणि बायको समोरासमोर आल्या की त्याला नेमकं ट्रॅक्टरखाली काहीतरी तपासायचं असे. "आई, आज तू सणाचा पोशाख घालणार ना? मग कोट कशाला?" एवढं बोलून तो ट्रॅक्टरखाली गेलासुद्धा.

बाईंनी नाक उडवलं. "मला काय करायचाय कोट? गायी माझ्या आवाजाला येतात, चिंध्यांना नाही."

हे वाक्य लिनेयाला लग्न होऊन आल्यापासून पाठ होतं. गोठा आता तिच्या हाती द्यावा, असं होकान दरवर्षी सुचवायचा आणि बाई दरवर्षी म्हणायच्या, "देते की. गायी हिच्या हाळीला येऊ देत, त्याच दिवशी देते." बिचारी लिनेया आडोशाला जाऊन हाळी देऊन बघायची. गायी तिच्याकडे बघायच्या, पण रस्त्यानं जाणाऱ्या बसकडे बघावं तशा.

आणि आज तर मे महिन्यातला तो दिवस होता. सगळा हिवाळा गोठ्यात कोंडलेल्या गायी आज पहिल्यांदा कुरणात सुटायच्या. हे बघायला स्वीडनात गावंच्या गावं लोटतात, आणि का लोटू नयेत? चार-चार वेतांच्या म्हाताऱ्या गायी वासरांसारख्या उधळतात, शेपट्या उभारतात, मागचे पाय आभाळाला लावतात. बाईंच्या सासूपासूनचा, अल्माबाईंपासूनचा रिवाज असा, की गोठ्याचं दार पुरुषानं उघडायचं आणि मालकिणीनं पलीकडे कुरणाच्या फाटकात उभं राहून हाळी द्यायची.

गुनव्होरबाई पट्ट्यापट्ट्यांचा एप्रन, चांदीचा बिल्ला असा सगळा साज करून फाटकात उभ्या राहिल्या. पेपरवाल्या मुलीला त्यांनी आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. सुनेचं गायी कशा ऐकत नाहीत, हेसुद्धा.

तेवढ्यात ओढ्यापलीकडची शेजारीण स्वेआ कॉफीच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. अंगात निळा कोट.

लिनेयाचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला.

"काल चर्चच्या बाजारात दिसला गं," स्वेआ सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. "म्हटलं, गुनव्होरची राजवस्त्रं भलत्याच्या हाती पडायला नकोत. शोभतोय ना मला?"

"शोभतोय की," बाई फाटकातूनच म्हणाल्या. "तुम्हा दोघांचं जमेल. दोघांनाही आंघोळीचं वावडं."

होकाननं दार उघडलं. सगळ्यात पुढं मायरोस, कळपाची म्होरकी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी मान ताठ करून हाळी दिली, "कोऽऽम, कुस्साऽऽ! कोऽऽम!"

मायरोस उधळत आली, बाईंसमोर थांबली आणि तिनं एप्रनचा वास घेतला. तो वर्षभर कापराच्या गोळ्यांत पडलेला. मायरोस शिंकली. सगळी चांदी भिजली. मग तिनं मान वळवली, नाकपुड्या फेंदारल्या आणि ती थेट कॉफीच्या टेबलाकडे निघाली.

त्या कोटाच्या खिशात आधी अल्माबाई आणि मग गुनव्होरबाई मीठ आणि वाळके पाव ठेवत आल्या होत्या. नुसतं तोंडी लावायला हो, गायी यायच्या त्या हाळीला! पण इतक्या वर्षांत मीठ शिवणीशिवणीत उतरलं होतं. मायरोसनं खिशात तोंड घातलं. मागून सगळा कळप आला.

"अगं बाई! हड! हड!" स्वेआ मागं सरली, टेबल आडवं झालं, दालचिनीचे पाव गवतात गेले. ती पळाली. ती पळते म्हणून गायी पळाल्या. ओढ्यावरच्या फळकुटांवरून ती आपल्या कुरणात शिरली, तिच्यामागं होकानचा गोठाच्या गोठा शिरला आणि तिथल्या कोवळ्या गवतात माहेरी आल्यासारखा रमला.

ओढ्याच्या अलीकडून बाईंनी हाळी दिली. पुन्हा दिली. आवाज फाटला. एका गायीनं मान वर केली, ती माशी हाकायला.

"स्वेआ, काढ तो कोट!"

"काढते की," कळपाच्या मधोमध उभ्या स्वेआला आता धीर आला होता. "आधी सगळ्यांसमोर म्हण, गायी माझं ऐकत नाहीत."

"मेले तरी म्हणणार नाही!"

"मग राहू देत. संध्याकाळची धार मीच काढते."

तेवढ्यात लिनेया ओढ्यात उतरली. नव्या झग्यासकट, गुडघाभर चिखलात. पलीकडे जाऊन म्हणाली, "हात वर करा, काकू." आणि लहान पोराचा सदरा काढावा तसा तिनं तो कोट डोक्यावरून ओढून काढला, स्वतःच्या अंगात घातला आणि हाळी दिली. गंजलेलं फाटक कुरकुरावं तसा आवाज. पण मायरोस वळली. मागून एकेक करत सगळ्या वळल्या, आणि लिनेयामागं ओळीनं फळकुटांवरून आपल्या कुरणात आल्या.

टाळ्या थांबेनात. पेपरवाली मुलगी पेन सावरत बाईंजवळ आली. "हीच का तुमची सून? जिचं गायी ऐकत नाहीत ती?"

बाई बघत राहिल्या. अल्मा सासूबाईंनी हा कोट त्यांच्या खांद्यावर घातला होता तो दिवस त्यांना आठवला. "धुवू नकोस," एवढंच म्हणाली होती म्हातारी, आणि गालातल्या गालात हसली होती. साबण वाचवते कवडीचुंबक, असंच बाई जन्मभर समजत आल्या. सगळं ठाऊक होतं तर थेरडीला!

"सून नाही," गुनव्होरबाई म्हणाल्या. "मालकीण. तसंच लिही."

संध्याकाळी धारा झाल्यावर कोट पुन्हा खुंटीवर लागला. बाई त्याच्या खिशात मूठ मूठ मीठ भरत होत्या. लिनेया जवळ आली.

"आई, म्हणजे इतकी वर्षं गायी कोटालाच यायच्या? मग ती हाळी कशाला?"

"हाळी माणसांसाठी गं. मीठ कुठं आहे ते गायीला कळतं. मालकीण कोण आहे, ते माणसांना ओरडून सांगावं लागतं." बाईंनी खिशावर थाप मारली आणि दाराशी जाऊन मागं वळल्या. "आणि तुझी ती हाळी जरा सुधार. गायी येतील, पण गाव पळून जाईल."