सोपान पिसोरीचा जनसंपर्क

एका जंगलात, मुलांनो, सोपान नावाचं एक पिसोरी राहत होतं, आणि ही गोष्ट त्या जंगलात कोणालाच ठाऊक नव्हती.

पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण. शिंगं नाहीत, रुबाब नाही, अंगावर फिकट ठिपके. पाचोळ्यात उभं राहिलं तर शेजाऱ्यालाही दिसत नाही. सोपान, त्याची बायको शेवंता आणि त्यांचं एक पिल्लू ओढ्याकाठच्या हिरड्याच्या पोकळ खोडात राहत. खाली पडलेली फळं खावीत, चाहूल लागली की गप्प बसावं, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. असं त्यांच्या कित्येक पिढ्यांचं बरं चाललं होतं.

एकदा शेकरूच्या पोरीचं बारसं होतं. सोपान पानांच्या आडून पाळणा बघत उभा होता. सांबराने त्याच्या पायावर पाय दिला आणि वर त्यालाच विचारलं, "कोण रे तू? इथलाच का?"

हे सोपानच्या फार मनाला लागलं. पणजोबांपासून आपण इथे, आणि 'इथलाच का?'

"आपल्याला कुत्रं विचारत नाही," तो घरी येऊन म्हणाला.

"ते बरंच आहे की," शेवंता म्हणाली. "रानकुत्री विचारत आली तर आपलं कसं व्हायचं?"

पण सोपानच्या डोक्यात ओळखींचं खूळ शिरलं ते शिरलंच.

त्या दिवसांत टकाचोर नावाच्या पक्ष्याची शिबिरं जोरात चालली होती. हा टकाचोर दुसऱ्यांच्या घरट्यांत सारखा डोकावायचा, त्यामुळे त्याचा जनसंपर्क दांडगा होता. तो फांदीवर बसून म्हणायचा, "तुम्ही कोण आहात याला काडीची किंमत नाही. तुम्हाला कोण कोण ओळखतं, त्याला आहे. तेव्हा मित्रहो, आपलं जाळं वाढवा!"

पहिल्या शिबिरात जाळं म्हटल्याबरोबर अर्धी सभा झुडपात पळाली होती. मग त्याने समजावून सांगितलं, की हे जाळं आपलं आपणच विणायचं असतं. तेव्हा सगळे परत येऊन बसले.

सोपानने शिकवणी मनावर घेतली. पळसाच्या पानांवर त्याने आपल्या खुराचा ठसा उमटवला. खाली पत्ता घातला: 'ओढ्याकाठचा हिरडा, बुंध्यातली पोकळी. कधीही या.' भेटेल त्याला तो एक पान द्यायचा.

बारसं असो की बारावं, सोपान हजर. वानराच्या एकसष्टीला शाल पुढे करायला सोपान. मुंगसाच्या नव्या बिळाचं उद्घाटन झालं, तेव्हा वेलीची फीत ताणून धरायला सोपान. नवा कोणी भेटला की तो ओळख काढायचा. "घाटाखालचे का तुम्ही? मग तिथल्या भेकरांचे तुम्ही कोण?" समोरचा कोणाचा कोणीही नसला, तरी बोलता बोलता सोपान त्याला कोणाचा तरी साडू करून सोडायचा.

वर्षभरात त्याचा सोपानराव झाला. "सोपानराव म्हणजे आपला माणूस," असं सगळे म्हणू लागले. होते सगळे प्राणीच, पण बोलायची पद्धत असते एकेक.

शेवंताला मात्र हे रुचत नव्हतं. "अहो, पिल्लू इथे खोकलं की पलीकडच्या डोंगरावरून काढा येतो," ती म्हणाली. "मला रात्री झोप लागत नाही."

"वेडी आहेस," सोपान म्हणाला. "वेळेला माणसंच उपयोगी पडतात."

मग ती वेळ आली. एक दिवस जंगलात बिबट्या आला. खाली उसात राहायचा. ऊस तोडला गेला, बिचाऱ्याचं घर गेलं. नवी जागा, कोणाची ओळख नाही, पोटात काही नाही. त्याने साळिंदराला अदबीने विचारलं, "इथे जेवणाची सोय कुठे होईल?"

त्याच संध्याकाळी हिरड्यापाशी आवाज आला, "सोपानराव आहेत का घरात?"

सोपानची छाती फुगली. "बघ, लांबून लांबून माणसं येतात," तो शेवंताला म्हणाला आणि त्याने नाक बाहेर काढलं. लगेच आत घेतलं.

"मी बिबट्या," बाहेरून आवाज आला. "साळिंदरकाकांनी आपलं नाव सुचवलं. सांबरसाहेबही तेच म्हणाले. सगळ्यांकडून आपल्याबद्दल फार चांगलं ऐकलंय. जरा बाहेर आलात तर बरं होईल. मी आत मावत नाही."

सोपान खोडाच्या पार आत सरकला. पण सवय वाईट. "बसा ना," त्याच्या तोंडून निघून गेलं. "पाणी घेणार?"

"जेवण झाल्यावर घेईन," बिबट्या म्हणाला.

तोवर शेवंताने मागच्या मुळांमधल्या फटीतून पिल्लाला बाहेर ढकललं होतं. मग नवऱ्यालाही ढकललं. "तुम्ही कारवीच्या झुडपांत लपून राहा," सोपान कुजबुजला. "मी आपली माणसं घेऊन येतो."

तो धावत साळिंदराकडे गेला. साळिंदर नुसतं अंग फुलवून हिरड्यापाशी उभं राहिलं असतं, तरी काम झालं असतं.

"काका, बिबट्या माझ्या दारात बसलाय!"

"पोचला का? छान. मीच पाठवला."

"काका, तो मला खाईल!"

"ते तुमचं तुम्ही दोघांनी बघा," साळिंदर म्हणालं. "मी फक्त ओळख करून दिली."

सोपान सांबराकडे गेला. "अरे, तो आधी माझ्याकडेच आला होता," सांबर म्हणालं. "म्हटलं, आपण किती दिवस पुढे पुढे करायचं? नव्या पिढीला संधी द्यावी. आणि तू इथे काय करतोस? पाहुणा खोळंबलाय तिथे. मी त्याला शब्द दिलाय. आता तू नाही म्हणालास, तर मी कोणत्या तोंडाने त्याच्यासमोर जाऊ?"

टकाचोराने तर अभिनंदनच केलं. "थेट बिबट्या तुला नावाने ओळखतो! आमच्या शिबिराचं नाव काढलंस."

सोपानला रडू कोसळलं. वर्षभर दारोदार हिंडून त्याने आपल्या पिल्लाचा पत्ता वाटला होता, दुसरं काही केलं नव्हतं. तो कारवीत परतला. तिघं गुपचूप निघाली आणि दूर एका कपारीत राहायला गेली.

पुढच्या बारशाला सोपान दिसला नाही. बारसं आहे आणि सोपान नाही, म्हणजे तो जिवंत नाही, हे सगळ्यांना पटलं. बिबट्याला विचारलं, तर त्याने नुसती जड मनाने मान हलवली.

वडाखाली शोकसभा भरली. एवढी गर्दी त्या जंगलाने पाहिली नव्हती. सोपान आणि शेवंता दगडाआड लपून ऐकत होती. साळिंदर म्हणालं, "आमचे घरचे संबंध होते," आणि ढसाढसा रडलं. सांबर म्हणालं, "असा माणूस पुन्हा होणे नाही." सोपानचे डोळे भरून आले. एवढं चांगलं त्याच्याबद्दल कोणी कधी बोललं नव्हतं.

"मी नुसतं आभार मानून येतो," तो म्हणाला आणि त्याने पुढचा पाय उचललासुद्धा.

शेवंताने त्याचा कान दातांत धरून त्याची मान अध्यक्षांच्या दगडाकडे वळवली. तिथे बिबट्या बसला होता. सभा संपली होती आणि त्याच्यापुढे ओळख करून घ्यायला भलीमोठी रांग लागली होती. जो तो आपल्या पत्त्याचं पान देत होता.

"मुलं किती?" बिबट्या एकेकाची आपुलकीने चौकशी करत होता. "घरी साधारण केव्हा सापडता?"

सोपानला ओरडून सांगावंसं वाटलं. पण स्वतःच्या शोकसभेत कोणी बोलायला देत नाही. त्याने पाय खाली ठेवला, आणि तो बायकोच्या मागोमाग पाचोळ्यातून आवाज न करता निघून गेला.

तात्पर्य: ओळखी जरूर वाढवाव्यात. ओळखीने कोणाचं ना कोणाचं पोट भरतंच.