फराळ म्हणजे जेवण नव्हे

"निसर्गाला वेळापत्रक नसतं म्हणे! मी लावून दिलंय!"

मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका ज्योत्स्नाबाई देवरे यांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं. पन्नाशीच्या तोंडावर पाळीने मांडलेला धुडगूस आणि अंगातून उसळणाऱ्या वाफा, दोन्ही त्यांनी हार्मोनच्या गोळ्यांनी वठणीवर आणली होती. शिक्षिकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्याच आठवड्यात वेळापत्रकाने दांडी मारली. पाळी आली ती न बोलावता, गेली ती न सांगता, आणि छत्री विसरलेल्या पाहुण्यासारखी लगेच परत आली! मागोमाग वाफा. जानेवारीत शिक्षणाधिकारी तपासणीला आले, तर नाशिकच्या त्या थंडीत बाईंनी पंखा पाचवर ठेवून खिडक्या सताड उघडल्या. साहेबांनी मफलर कानांवर ओढला, दोन वर्ग कसेबसे पाहिले आणि 'शाळा उत्तम' असा शेरा मारून उन्हात पळाले.

तेवढा एक फायदा सोडला, तर बाकी सगळं अवघडच. सटाण्याहून थोरल्या नणंदबाई आल्या, आक्काबाई.

"गोळ्यांवर इसंबू नको, ज्योत्स्ना. सोमवार धर. माले गुण उना शे!"

बाईंची एकादशी होतीच. आक्काबाईंना गुण आला म्हणताना त्यांनी सोमवारही धरला, त्रास वाढला. गुरुवार धरला, त्रास आणखी वाढला!

"देव परीक्षा बघतोय," आक्काबाई म्हणाल्या, आणि शनिवारही धरायला लावला.

शाळेत बाई परीक्षेला कधी घाबरल्या नव्हत्या. या परीक्षेने मात्र त्यांची झोप उडवली. त्यांची मावशी असाच रक्तस्राव अंगावर काढत गेली होती. त्या दुखण्याचं नाव बाई तोंडातून काढत नव्हत्या. एका संध्याकाळी फक्त त्यांनी यजमानांना, धनराजरावांना, ओट्यापाशी उभं केलं.

"बघा, वरणाला फोडणी अशी द्यायची. आधी मोहरी."

"मी? का? काय चुकलं माझं?"

"काही नाही. येत असावं माणसाला."

मोहरी तडतडली. धनराजराव बॉम्ब फुटल्यासारखे मागे सरले. बाई हसल्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसायला लागल्या. धनराजरावांनी गॅस बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा दारात उभी होती.

गोळ्या देणाऱ्या कॉलेज रोडच्या डॉ. पल्लवींनी सोनोग्राफी केली, आतला नमुनाही तपासायला पाठवला. रिपोर्ट आले त्या सोमवारी दोघं पुन्हा समोर बसले.

"गाठ नाही, कॅन्सर नाही. सगळं स्वच्छ!"

बाईंनी इतका मोठा श्वास सोडला, की टेबलावरचे कागद हलले.

"मग गोळी चुकते का हो तुमची?"

"डॉक्टर! एकवेळ शाळेची घंटा चुकेल!"

"बरं, बरं. चहा घ्या. बिस्किट?"

"बिस्किट नको. उपास आहे. दोन्ही वेळचा."

"मग आज रात्री गोळी कशी घेणार?"

"घेणारच नाही! तुम्हीच सांगितलंय, रात्री जेवणानंतर. जेवणच नाही, तर नंतर कुठलं?"

"फराळ करता ना?"

"फराळ म्हणजे जेवण नव्हे," बाई वर्गात समजावतात तशा म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आठवड्यातून किती उपास?"

बाईंनी बोटं मोजायला घेतली आणि तिसऱ्या बोटावर थबकल्या. चेहरा लाल झाला. या वेळी हार्मोनचा काही संबंध नव्हता.

"म्हणजे बरं व्हायला उपास, उपासाला गोळी बंद, गोळी बंद म्हणून त्रास, आणि त्रास म्हणून नवा उपास! बाई, गोळी रोज घ्यायची. उपास असो, नसो. पुढच्या महिन्यात दाखवायला या."

ज्योत्स्नाबाई आधी खुदकन, मग खदखदून हसल्या. कितीतरी दिवसांनी. बाहेरचे पेशंट डोकावून गेले.

धनराजराव मात्र हसेनात. चिठ्ठी हातात घेऊन खुर्चीच्या टोकावर चुळबुळत राहिले.

"डॉक्टर, एक विनंती होती. हिला बरं वाटावं म्हणून मी पण मंगळवार धरलाय, हिला न सांगता. आता देवाला मी काय सांगू? तेवढं चिठ्ठीवर खाली लिहा ना... पेशंटच्या नवऱ्यानेसुद्धा दोन्ही वेळ जेवावं."