अडकलेले पप्पा

नेट बदलायचं माझ्या डोक्यात आलं ते आमच्या मल्हारच्या जावळामुळं.

जावळाचा आणि नेटचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. (योगीराजभाऊ केबलवालेपण असंच म्हणले होते.) सांगते. मल्हारचे पप्पा पवनचक्कीवर कामाला आहेत. आधी इथंच भूमच्या माळावर होते, सुट्टी झाली की बेंबळीला घरी यायचे. मल्हार पालथा पडायला लागला आणि कंपनीनं ह्यांना उचलून तिकडं गुजरातेत, कच्छात नेऊन टाकलं. तिथं वारं जास्त आहे म्हणे. इकडं काय कमी आहे? आमच्या पत्र्यावरचे दगडसुद्धा सरकतात. पण कंपनीला कोण सांगणार.

तेव्हापासून मल्हारचा बाप म्हणजे फोनमधलं चित्र. आणि चित्र तरी कसलं! आमचं नेट सगळ्यात स्वस्तातलं. फोन लागला की हे "मल्ह..." एवढंच म्हणायचे आणि तसेच अडकायचे. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, एक हात वर. चेहऱ्यावर नुसते चौकोन चौकोन, फरशी बसवल्यासारखे. मी म्हणायची, "अडकले बघा." मग माझ्या सासूबाई, कोंडाबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, त्या उठायच्या आणि भिंतीवरच्या नेटच्या डब्याला दोन चापट्या हाणायच्या. त्यांच्या माहेरचा रेडिओ असाच चालायचा. आणि खोटं वाटंल, पण चापट्या बसल्या की हे चालू व्हायचे. "...ल्हार, कसा हाईस रं?"

बाकीची लेकरं पहिला शब्द आई म्हणतात, बाबा म्हणतात. आमचा मल्हार फोनमधल्या बापाकडं बोट करून म्हणला, "अकले!" म्हणजे अडकले. आत्यांनी चार घरी साखर वाटली. मी पण हसले. आणि मग कांदा चिरायला घेतला. (त्या दिवशी कालवणात कांदा नव्हता.)

त्या नेटचा मला एक फायदापण होता, लपवून काय करू. हे अधूनमधून विचारायचे, "लीला, माझा निळ्या चौकड्याचा शर्ट कुठाय गं? धाडून दे की." असं विचारलं की मीच अडकायची. तोंड अर्धं उघडं, पापणी ताठ, श्वास धरून गप. हे तिकडून "हॅलो, हॅलो" करून दमायचे आणि शर्ट मागं पडायचा. (शर्टाचं काय झालं ते पुढं कळंल. आत्ता सांगायची माझी हिंमत नाही.)

तर जावळ ठरलं. ह्यांना एकदाची सुट्टी मिळाली. घरात सगळ्यांना आनंद झाला आणि मला काळजी लागली. मी शाळा सातवीत सोडली, पण काळजीचा विषय असता तर बोर्डात आले असते. बाप एवढ्या लांबून येणार, दारात उभा राहणार, आणि लेकरू त्याला बघून किंचाळलं तर? कळायला लागल्यापासून त्यानं बाप धड बघितलाच नव्हता. म्हटलं, ह्यांच्या येण्याआधी नेट चांगलं करावं. लेकराला बापाचं तोंड नीट दिसू द्यावं.

योगीराजभाऊंना फोन लावला. "भाऊ, नेट मोठं करायचंय."

"अपग्रेड म्हणा की वैनी. शंभरच्या स्पीडचा प्लॅन टाकतो. बापाच्या नाकातला केस दिसंल."

भाऊंनी त्यांच्या दुकानातूनच काहीतरी दाबलं. आणि आमचं होतं ते नेटपण गेलं. डब्यावर लाल दिवा लागला तो विझंना. आत्यांनी चापट्या मारून बघितल्या, मग चप्पल मारून बघितली. शेवटी मला विचारलं, "काय गं, अपग्रेड म्हंजी बंद पडणं व्हय?"

भाऊ म्हणले, वरून स्पीड सुटला आहे, पण तुमचा डबा म्हातारा, त्याला पेलवंना. शिवाय दारातल्या लिंबावरून आलेल्या वायरला खारींनी दात लावले आहेत. मग ते शिडी घेऊन आले. आमचे भाऊ पोटानं मोठे आणि शिडी बारीक, त्यामुळं खालून आत्या आणि मी शिडी धरून देवाचं नाव घेत होतो. नवीन वायर आली. नवीन डबा आला, पांढरा, चार शिंगांचा. त्याच्यासाठी भिंतीला नवीन भोक पाडलं, तर पलीकडच्या अंगाला देवळीत खंडोबावर सगळी माती पडली. आत्या देव पुसता पुसता म्हणल्या, "देवाचंबी अपग्रेड केलंस, बाई."

जाताना भाऊंनी बजावलं, "डबा हितंच ऱ्हाऊ द्या. कशात घालून ठिवू नका. पत्र्याच्या आड गेला की नेट मेलंच म्हणून समजा."

मी मान हलवली. माझी शाळा कमी झाली, पण ध्यान चांगलं आहे.

मग फोन लावला. आणि हे दिसले. म्हणजे खरंच दिसले! गालफडं आत गेलेली, डोळ्याखाली काळं, कानापाशी दोन पांढरे केस. मला रोज सांगायचे, कँटीनचं जेवण लई भारी, पोट सुटलंय माझं. आणि आम्हाला ते खरंच वाटायचं, कारण चौकोनांत माणूस भरलेला दिसतो.

आत्यांनी फोन हिसकावून घेतला. "आरं माझ्या सोन्या, काय खातूस का न्हाय? पार काडी झाली की रं तुजी!"

"आई, कॅमेऱ्यात दिसतंय तसं."

"कॅमेऱ्याला नको सांगू. म्या जल्म दिलाय तुला."

हे हसले. मान हलवली, फोनच्या जवळ आले, हात नाचवत म्हणले, "मल्हार! ये मल्हार! पप्पा बघ!"

मल्हारनं एकदा बघितलं आणि अशी किंकाळी फोडली की शेजारच्या शेळ्या उठल्या. कोण हा माणूस? हलतो काय, बोलतो काय! माझ्या पदरात तोंड घातलं ते काढंना. मग हळूच उतरला, रांगत भिंतीपाशी गेला. जिथं जुना डबा होता, तिथं आता नुसता खिळा होता. त्या खिळ्याकडं बघून म्हणला, "अकले? अकले?"

ह्यांचा चेहरा पडला. आणि नवीन नेट असं, की तो पडता पडता सगळा दिसला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ह्यांनी टोपी घालून बघितली, मांजराचा आवाज काढून बघितला. मल्हारला ताप येतो की काय असं मला वाटायला लागलं. जावळ जवळ आलेलं. मी पुन्हा योगीराजभाऊंना फोन लावला.

"भाऊ, जुनं नेट परत लावून द्या."

"का वैनी? चालंना का?"

"चालायलंय. लई चालायलंय. तीच तर अडचण हाय."

"म्हंजी?"

"जरा अडकंल असं काही करता येतंय का?"

बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं, भाऊच अडकले. मग म्हणले, "वैनी, धंद्यात शिव्या लई खाल्ल्या म्या. पर नेट चांगलं चालतंय म्हणून कुणी गाऱ्हाणं केलं न्हवतं."

"जुना डबा तरी द्या."

"त्यो भंगारात गेला. आवाज न्हाय येत, वैनी. ठिवतो." (आवाज चांगला येत होता.)

तेव्हा मला ते ध्यानात ठेवलेलं आठवलं. पत्र्याच्या आड गेला की नेट मेलं.

आमच्या घरात भिंतीला लागून ज्वारीची पत्र्याची कोठी आहे. आत्या पारावर गेल्या होत्या. भाऊंनी वायरीचं भेंडोळं जास्तीचं सोडलेलं होतंच. मी नवीन डबा त्याच्या खिळ्यावरून काढला, फडक्यात गुंडाळला, कोठीत ज्वारीवर अलगद निजवला आणि वर झाकण लोटलं. रिकाम्या खिळ्याला मल्हारचं टोपडं अडकवलं.

आणि काय सांगू! फोन लागला, हे "मल्ह..." म्हणले आणि अडकले! तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, एक हात वर, अंगभर चौकोन. मल्हारनं टाळ्या पिटल्या. "अकले! अकले!" म्हणून फोनचा पापा घेतला, काचेला सगळी लाळ लागली. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी पोटभर जेवले.

पण नवरा पवनचक्की दुरुस्त करणारा. बिघाड दिसला की त्याला चैन कुठलं. त्यांनी तिकडून परस्पर योगीराजभाऊंना फोन केला. "नवीन नेट घिऊनबी अडकायलंय की. बघा जरा."

भाऊ आले. स्वतः बसवलेल्या डब्यावर त्यांचा भरवसा इतका, की घरात न येताच शिडी लावून लिंबावर चढले. वर तांबड्या मुंग्या. भाऊ वरून म्हणायचे, "हितं तर सगळं ठीक हाय, हाय गं आई, चावली!" मी खालून म्हणायची, "भाऊ, चहा करू का?" खरं सांगावं असं चारदा तोंडाशी आलं. चारीदा चहाच बाहेर पडला.

तेवढ्यात घरातून आत्यांची आरोळी आली. त्या दळणाला ज्वारी काढायला गेल्या होत्या.

"अगं बया! कोठीत काय तरी बसलंय गं! हिरवे डोळे हायत त्याला! लुकलुक करायलंय!"

भाऊ झाडावरून निम्मे उतरले, निम्मे पडले. काठी घेऊन आत आले. "मागं सरा, कोंडाकाकू. रानमांजर आसंल." काठीच्या टोकानं झाकण उचललं. आत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"वैनी," भाऊ म्हणले, "जवारीला नेट कशाला लागतंय?"

मग मी सगळं सांगितलं. रडत सांगितलं, त्यामुळं निम्मं कळलं नसंल. आत्यांनी मल्हारला मांडीवर ओढला आणि नुसत्या त्याच्या डोक्यावरून, त्या जावळावरून हात फिरवत बसल्या. भाऊंनी डब्यावरची ज्वारी झटकली, टोपडं काढून माझ्या हातात दिलं आणि डबा परत खिळ्याला लावला. जाताना मुंग्या चावलेला हात चोळत म्हणले, "माझी पोरगी तर मी गावात असून वळखत न्हाय मला. कायम खांबावर. तिला वाटतंय मी माकड हाय."

आणि मग हे आलेच.

मी मल्हारला अंघोळ घालून, काजळ लावून ओसरीवर गोधडीवर बसवलं होतं. नुकता पाऊल टाकायला लागला होता, दोन टाकायचा आणि बसायचा.  एसटीच्या धुळीनं माखलेले हे दारात आले. खांद्यावर बॅग. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक हात वर. "मल्ह..."

मल्हार किंचाळला आणि माझ्या मांडीवर चढून पदरात शिरला.

आणि हे तसेच थांबले. खांद्यावर बॅग, एक हात वर, तोंड उघडं. ढगात जाऊन नट आवळणारा माणूस, पण घराच्या उंबऱ्यावर पाय उचलंना त्यांचा. मला त्यांच्याकडं बघवंना. आत्या भाकरीचे हात घेऊन आतल्या दारात उभ्या.

पदरातून एक डोळा बाहेर आला. मग दुसरा. मल्हारनं बापाकडं बघितलं. वरचा हात बघितला. उघडं तोंड बघितलं.

"अकले?" तो म्हणला.

माझ्या मांडीवरून उतरला. दोन पावलं टाकली, बसला. परत उठला, परत बसला. ह्यांच्या पायापाशी गेला, पँट धरून उभा राहिला. आणि आपल्या आजीसारख्या, अगदी तशाच, नडगीवर दोन चापट्या हाणल्या. आणि वर बघत वाट बघत राहिला.

हे हलंनात. डोळ्यांतून मात्र पाणी चाललेलं.

"आरं हल की आता, मुडद्या!" आत्या ओरडल्या. "लेकरू ठोकायलंय तुला!"

"...ल्हार," हे म्हणले, "कसा हाईस रं?"

मल्हार खदखदून हसला. त्यांनी उचलून घेतलं तर रडला नाही. उलट जरा वेळानं त्यांच्या गालावर चापट मारून म्हणला, "अकले!" मग हे अडकायचे. मग चापट बसली की चालू व्हायचे. सांजवर हाच खेळ. ह्यांचे दोन्ही गाल लाल झाले, तेवढे जरा भरल्यासारखे दिसायला लागले.

इथंच गोष्ट संपवावी असं मला लई वाटतंय.

पण जेवणं झाल्यावर हे मल्हारच्या गोधडीवर आडवे झाले. त्यांचा हात गोधडीवरून फिरता फिरता एका जागी थांबला. निळे चौकडे. त्यावर खिसा. खिशाला बटण. (लेकराला बापाचा वास लागावा म्हणून शर्ट उसवून गोधडीत घातला होता. खिसा काही माझ्यानं काढवला नाही.)

"लीला," हे म्हणले, "ह्यो खिसा माझ्या वळखीचा दिसतोय."

सवयीनं मी अडकले. तोंड अर्धं उघडं, पापणी ताठ, श्वास बंद. हातभर अंतरावर, समोरासमोर, डोक्यावर पंखा फिरत असताना.

हे काही रागावले नाहीत. नुसते मान वळवून म्हणले, "मल्हार, मम्मी अडकली रं!"

मल्हार आला. एव्हाना त्याच्या हातात आत्यांची वरणाची पळी होती.

पहिल्याच दणक्याला मी शंभरच्या स्पीडनं बोलायला लागले.