या वेळी माय नक्की मरणार

"पदर हातातच धरून बस. शेवटी माय मरते, मग काही सुचत नाही," तुळशीरामने टाकीजच्या रांगेत बायकोला, चंद्रकलेला बजावलं. आजूबाजूच्या चार जणांनाही ऐकू जाईल अशा बेताने बजावलं. पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत नळाचं पाणी सोडणाऱ्या या माणसाला जगातल्या एकाच गोष्टीची पक्की खात्री होती, ती या सिनेमाच्या शेवटाची.

सिनेमाचं नाव मी सांगत नाही. ते काढलं की तुळशीरामचं डोकं आजही दुखतं.

वीसेक वर्षांपूर्वी तो सिनेमा पहिल्यांदा लागला, तेव्हा दोघं मांडीवरच्या मंगलाला घेऊन गेले होते. इंटरवलला मंगलाने जे भोकाड पसरलं ते थांबेना. त्या काळी तान्ह्या लेकरांच्या आयांनी सिनेमा अर्धाच पाहायचा आणि उरलेला नवऱ्याकडून ऐकायचा, अशीच गावाची रीत होती. चंद्रकला पोरीला घेऊन घरी गेली. तुळशीराम शेवटपर्यंत बसला, सुजलेल्या डोळ्यांनी परतला आणि त्याने उरलेली गोष्ट सांगितली. घरातून पळालेला मुलगा परत येतो, आंधळी माय त्याच्या हातावर भाकर ठेवते आणि तिथेच प्राण सोडते.

पुढे पाहुणे आले की, पोळा आला की, कोणी आजारी पडलं की चंद्रकला म्हणायची, "सांगा ना ते भाकरीचं." तो सांगायचा. भाकर आली की तो रडू लागायचा आणि चंद्रकला डोळे पुसत चहा ठेवायला उठायची. दोघांच्या संसारात याहून गोड असं काही नव्हतं.

आता मंगला मोहगावला नांदत होती आणि तोच सिनेमा 'नव्या रूपात' पांढुर्ण्यात आला होता.

इंटरवलच्या पुढेही बराच वेळ सगळं ठीक होतं. मग मुलगा घरी परतला. काळ्या-पांढऱ्या दारातून तो आत शिरला आणि पलीकडून रंगीत होऊन, चांगलं पोट घेऊन बाहेर आला! मायचं काम करणारी बाईही बदलली होती, पण तिचं अर्धं तोंड पट्टीत होतं, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. डॉक्टरने पट्टी सोडली, मायला दिसू लागलं, लाल-निळ्या दिव्यांखाली सुनेने डिस्को केला. माय खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती.

तुळशीराम उभा राहिला. "अरे, हे काय दाखवून राहिले? माय मेली होती ना!"

"बस ना बे," मागून आवाज आला. "ते बरी झाली तर तुह्या पोटात काहून दुखते?"

सिनेमा सुटला, दोघं घरी आले. दारात चपला काढताना चंद्रकलेने विचारलं, "मंगलाचे बाबा, त्या दिवशी तुमी कुठी गेलते?"

"कुठी म्हणजे? टाकीजातच होतो."

"भाकर तर कुठी दिसली नाही."

"अवो, ते कंपनीनं बदलवलं. पब्लिकले रंग पायजे, नाच पायजे, म्हणून नवा शेवट जोडला. हिरो कसा सुटला होता, दिसलं नाही तुले?"

"सुखाचे दिवस आले की माणूस सुटते. म्हणून तर रंग आला."

 तुळशीरामने साक्षीदार आणला. सायकल दुकानवाला दादाराव त्या जुन्या खेळाला त्याच्या शेजारीच बसला होता.

दादारावने डोकं खाजवलं. "माय मेली होती हे याद आहे, वहिनी. पण ते याच सिनेमात का दुसऱ्या, ते नाही सांगता येत. त्या वक्ती सगळ्याच सिनेमात माय मरे."

चंद्रकलेने गाठोडं बांधलं आणि ती माहेरी सावरगावला निघून गेली. सावरगाव म्हणजे जाम नदीच्या पलीकडे, पूल ओलांडला की आलंच. गोष्ट मात्र तिच्या आधी पोचली आणि तिथून फिरून पांढुर्ण्यात परत आली. सकाळी तुळशीराम पाणी सोडायला गेला की नळावरच्या बाया विचारायच्या, "काय भाऊ, कुठी गेलते त्या दिवशी?" तो टाकीजच्या मॅनेजरकडे गेला, तर मॅनेजर म्हणाला, "पेटीत जे येते ते मी दाखवतो. मायले मारणं माह्या हातात नाही."

तुळशीराम थकला. संशयाचं त्याला एवढं लागलं नव्हतं. इतक्या वर्षांचं आपलं रडणं चंद्रकलेला नाटक वाटलं, हे फार लागलं. शिवाय स्वतः थापलेल्या भाकरी त्याच्या घशाखाली उतरत नव्हत्या. शेवटी एका रविवारी तो सावरगावला सासरच्या अंगणात जाऊन बसला. मेहुणा वामनही समोर होता.

"पत्ते खेळत होतो," तुळशीराम म्हणाला. "नदीच्या काठी."

चंद्रकलेचा चेहरा खुलला. "कोण कोण होते?"

त्याने वारलेल्या दोघांची नावं सांगितली, म्हणजे पुढे विचारपूस नको.

"जिंकले का हरले?"

"हरलो."

हे मात्र तिला मनापासून पटलं. "पयलेच सांगतलं असतं तर मी काय खाल्लं असतं तुमाले?" असं म्हणून तिने गाठोडं उचललं. घरात पुन्हा वरण शिजू लागलं. कंपनीला शिव्या देणं तुळशीरामने त्या दिवसापासून बंद केलं.

आणि मग एके दुपारी टाकीजचा टांगा भोंगा लावून गल्लीत आला. "शहरातल्या पब्लिकनं लई बोंब मारली! कंपनीनं जुनाच शेवट परत लावला! या वेळी माय नक्की मरणार!"

"मले नाही पाहाचा," तुळशीराम म्हणाला. चंद्रकलेने त्याला ओढतच नेलं.

मुलगा काळ्या-पांढऱ्या दारातून आत शिरला आणि काळा-पांढराच राहिला. आंधळी माय चाचपडत आली. तिने भाकर त्याच्या हातावर ठेवली आणि ती कोसळली. सगळं टाकीज हुंदके देत होतं.

"जशीच्या तशी," चंद्रकला पुटपुटली. "तुमी सांगे तशीच."

तुळशीरामचे डोळे घळाघळा वाहू लागले. कित्येक दिवसांनी तो खुर्चीत ताठ बसला.

बाहेर आल्यावर चंद्रकलेने पदराने डोळे पुसले, मग नाक पुसलं आणि ती थांबली.

"पण तुमी तर पत्ते खेळत होते," ती म्हणाली. "मग हे भाकरीचं तुमाले सांगतलं कोण?"

"अवो, ऐक..."

"इतकं बारीक, इतकं रडून रडून सांगणारा गडी नसते. कोण होती ते बाई?"