पहिल्या ओळीत चूक

मधुकर हटवार मुंबईहून तीन आठवड्यांचं कॉम्प्युटरचं ट्रेनिंग घेऊन नागपूर स्टेशनवर उतरला, तेव्हा हार घेऊन कोणीच आलेलं नाही हे पाहून त्याला जरा नवल वाटलं. सबंध बियाणे संघात कॉम्प्युटर येणारा तो एकटाच माणूस होता. मशीन यायच्या आधीही तो एकटाच होता आणि मशीन आल्यावरही चुरस काही वाढली नाही.

मशीन आलं सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात. एअर कंडिशनर मंजूर झाला नाही, म्हणून नागपुरातल्या नंदनवन भागात संघाचं ऑफिस होतं तिथं मशीनसाठी वाळ्याचा कूलर लावला. मशीनला खसचा वास येऊ लागला आणि ऑफिसातल्या प्रत्येकाला दुपारी बारा ते चार या वेळात कॉम्प्युटरविषयी जिज्ञासा वाटू लागली.

मॅनेजर चंपतराव वैरागडे यांनी सोमवारी सांगितलं की शुक्रवारी संघाचे अध्यक्ष गणपतराव रामटेकहून मशीन पाहायला येणार आहेत. त्यांचं समाधान झालं, तर दोन वर्षं टेंपररी असलेला मधुकर कायम. नाही झालं, तर सावनेरच्या गोदामात पोत्यांवर शिक्के मारायची जागा रिकामीच होती. शिवाय वच्छलाशी त्याचं लग्न ठरत होतं, पण तिच्या वडिलांनी साखरपुडा कायमच्या ऑर्डरपर्यंत थांबवला होता. माणूस सभ्य. त्यांनी एवढंच विचारलं होतं, "कायम का टेंपररी?" आणि चहा निम्मा टाकून उठले होते.

"साहेब, तुम्ही फक्त हार आणा," मधुकर म्हणाला. "मशीन शुक्रवारी गणपतरावांना नमस्कार करील."

प्रोग्राम लिहायची मशीनमध्ये एक वहीसारखी सोय होती, तिला एडिटर म्हणत. हा एडिटर उघडताना आधी एक छोटी फाईल वाचायचा. ओळींना आकडे टाक, समास इतका सोड, अशा तिच्यात सूचना. मधुकरनं सोमवारी दुपारी सात सूचनांची ती फाईल ऐटीत लिहिली आणि एडिटर सुरू केला. मशीननं घंटी वाजवली, इंग्रजीत 'पहिल्या ओळीत चूक' असं लिहिलं आणि एडिटर मिटला.

मधुकर हसला. दुसऱ्या एका साध्या प्रोग्राममधून त्यानं फाईल पुन्हा उघडली आणि पहिली ओळ तपासली. बरोबर होती. तरी दुसऱ्या पद्धतीनं लिहिली. घंटी. पहिल्या ओळीत चूक.

मंगळवारी त्यानं पहिली ओळ काढूनच टाकली. आता दुसरी पहिली झाली, तर तिच्यात चूक. तीही काढली. तिसरीत चूक. संध्याकाळपर्यंत तो एकेक सूचना खोडत गेला आणि शेवटी सातवीही खोडली. आता फाईलमध्ये एकही सूचना उरली नव्हती. घंटी वाजली. काहीच नसलेल्या फाईलच्या पहिल्या ओळीत मशीनला चूक दिसत होती.

असा खोट काढणारा स्वभाव मधुकरनं फक्त वच्छलाच्या वडिलांमध्ये पाहिला होता.

बुधवारी ही गोष्ट हेडक्लार्क नत्थूजींच्या कानावर गेली. नत्थूजी चहा कोणाला हवा याच्या यादीवरही वरती मधोमध श्री लिहीत आणि त्यावरून मधुकर त्यांना रोज छळत असे. विसावं शतक संपत आलं, नत्थूजी, देव काय चहा मोजतो? आता नत्थूजींची पाळी होती.

"नारळ नाही फोडला, मुहूर्त नाही पाहिला. त्याले चूक दिसून नाही राहिली, बापू, त्याले राग येऊन राहिला."

मधुकरनं त्यांना पाच मिनिटं विज्ञान समजावलं. मग चपला दाराबाहेर काढल्या, आधी स्वतःच्या. फाईल पुसली आणि बोटं मोडून अगदी वरच्या अक्षरापासून नवी लिहिली. घंटी.

चंपतरावांनी हैदराबादला मशीनच्या इंजिनिअरला ट्रंक कॉल लावला. दीड तासानं लागला, तीन मिनिटं चालला. इंजिनिअर म्हणाला, पहिली ओळ पाहा. मधुकर म्हणाला, पाहिली. इंजिनिअर म्हणाला, पुन्हा पाहा. मग लाईनच गेली, आणि या लाईनीत तरी खरी चूक आहे, असं मधुकर कडवटपणे म्हणाला.

गुरुवारी प्रकरण ऑफिसच्या रीतीनं हाताळायचं ठरलं. फाईल कागदावर छापून घेतली आणि त्या कागदाची नत्थूजींनी वेगळी फाईल उघडली. कागद टेबलाटेबलावर फिरला. इंग्रजी येणाऱ्या सहाही जणांनी पहिली ओळ अक्षर न् अक्षर लावून वाचली आणि समासात 'तपासले, पहिली ओळ बरोबर' लिहून सह्या केल्या. चंपतरावांनी खाली शिक्का मारला. मशीन सोडून सगळ्यांचं एकमत होतं.

शुक्रवारी सकाळी अध्यक्षांची जीप येण्याला अर्धा तास होता. मधुकर कूलरसमोर बसून घामानं निथळत होता. सावनेरच्या गोदामात कूलर असेल का, याचा विचार करत होता. तेवढ्यात तो कागद न्यायला कवडू आला. कवडू संघाचा जुना चपराशी. चपराशी व्हायच्या आधी वीस वर्षं त्यानं गोदामात पोती मोजली होती.

"मधुकरभाऊ, ह्याच्यात किती लाइनी लिहिल्या जी तुम्ही?"

"सात."

"आठ हायेत."

"कवडूजी, मी लिहिल्या आहेत. सात."

कवडूनं वरून खाली एकेका ओळीवर बोट ठेवलं, पोत्यावर ठेवावं तसं. "आठ. मले वाचता नाही येत भाऊ, मोजता येते."

मधुकरनं कागद ओढून घेतला. पहिल्या ओळीच्या वर, कागदाच्या मधोमध, इंग्रजी अक्षरांत श्री लिहिलेलं होतं.

त्यानंच लिहिलं होतं. शाळेच्या पाटीपासून नोकरीच्या अर्जापर्यंत जसं लिहिलं, तसं. खोडताना त्याला हात लावला नव्हता आणि नवी फाईल लिहिताना आधी तेच लिहिलं होतं. सहा सुशिक्षित माणसांनी ते पाहिलं आणि मग पहिली ओळ वाचायला घेतली. श्री काही वाचायचं नसतं, ते असतं.

नत्थूजींनी कागद पाहिला आणि चष्मा काढून बराच वेळ पुसला. मग चहाची यादी काढून मधुकरसमोर ठेवली.

आता ती ओळ खोडायची होती. मधुकरनं फाईल उघडली, खोडायच्या कळीवर बोट नेलं, आणि बोट तिथंच राहिलं.

"काहून थांबला गा?" नत्थूजी म्हणाले. "विसावं शतक संपत आलं ना?"

"तुम्ही दाबा."

"मी? शुक्रवारी? पोरीचं लग्न हाये माझ्या."

चंपतरावांना एकाएकी जीपचा आवाज आला आणि ते बाहेर पाहायला गेले. शेवटी कवडूच पुढे झाला.

"सरका. मले वाचताच येत नाही, तं मले कायचं पाप?"

त्यानं कळ दाबली. नत्थूजींनी तेवढ्यापुरते डोळे मिटले होते. एडिटर घंटी न वाजवता उघडला आणि मधुकरला मशीनची पापी घ्यावीशी वाटली.

गणपतराव आले. हार झाला, नारळ झाला. खुर्चीत बसून ते म्हणाले, "आता काही लिहून दाखव, बापू. पोत्यांची बेरीज कर."

मधुकरनं बोटं मोडली. मुंबईत शिकवल्याप्रमाणे पाठ ताठ ठेवून त्यानं पोत्यांच्या बेरजेचा प्रोग्राम वरपासून खालपर्यंत एका दमात लिहिला आणि चालवला.

घंटी वाजली.

पहिल्या ओळीत चूक.

मधुकरनं पडद्याकडे पाहिलं. वरती, मधोमध, ते होतं. नत्थूजींनाही दिसलं. दाराशी उभ्या कवडूनं ओळी मोजल्या आणि तोंड उघडलं. मधुकरनं त्याच्याकडे असं पाहिलं की कवडूनं ते मिटलं.

गणपतरावांनी चष्मा चढवला, पडद्याजवळ वाकले आणि बरोबर दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. शब्द लावून लावून वाचली.

"पहिली ओळ तं बरोबर दिसते."

"आम्ही तपासली हाये जी," चंपतराव म्हणाले. "सहा सह्या हायेत."

गणपतरावांनी सह्यांचा कागद मागवला, वाचला, शिक्का पाहिला आणि निकाल दिला. पोरगा हुशार आहे, मशीन खराब आहे. पोराला कायम करा. मशीन सावनेरच्या गोदामात नेऊन ठेवा.

सोमवारी ऑर्डर निघाली. नत्थूजींनी स्वतःच्या हातानं लिहिली. वरती श्री. पहिल्या ओळीत मधुकर हटवार यांना सेवेत कायम करण्यात येत आहे. दुसऱ्या ओळीत, मशीनच्या देखभालीसाठी त्यांनी मशीनसोबत सावनेर गोदामात हजर व्हावे.

वच्छलाच्या वडिलांनी श्री सोडून पहिली ओळ वाचली, चहा पूर्ण प्यायले आणि साखरपुड्याची तारीख धरली. मधुकरनं कागद घडी करून खिशात घातला. ओळी एकूण किती, हे त्यांनी विचारलं नाही.